रेडिएटर गार्ड: जाडी नंतर, आधी भोकं मोजा

मोटरसायकलच्या रेडिएटरपुढे लावायची संरक्षक जाळी, म्हणजे रेडिएटर गार्ड, घेताना सहसा पत्रा किती जाड आहे ते विचारलं जातं, रंग पाहिला जातो, मधोमध गाडीचं नाव कोरलंय का तेही पाहिलं जातं. भोकांची चौकशी कुणी करत नाही. खरं तर तीच करायला हवी: भोक केवढं, दोन भोकांमधली पट्टी केवढी, आणि गार्ड बसल्यावर मागे रेडिएटरपर्यंत जागा किती उरते. इंजिन थंड ठेवणारी हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेवर आपण अडथळा उभा करणार असतो. त्याने खडे अडवावेत आणि हवा सोडावी, एवढंच त्याचं काम. बाकी सगळी सजावट.

खडा लागल्यावर नेमकं काय होतं ते आधी बघू. रेडिएटरचा गाभा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये नागमोडी बसवलेल्या फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या. फिन्सची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते, नखाने दाबल्या तरी वाकतात. नळीची भिंतही काही फार जाड नसते. खडा फिन्सवर बसला तर त्या आडव्या होतात आणि तेवढ्या जागेतून हवा जायची बंद होते, इतकंच. तोच खडा नळीच्या समोरच्या कडेवर बसला तर चीर पडते. तापलेल्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण, दाबाखाली असतं (रेडिएटरच्या टोपीवर १.१ किंवा त्याच्या जवळचा बारचा आकडा लिहिलेला दिसेल), त्यामुळे सुईच्या टोकाएवढ्या चिरेतूनही ते फवाऱ्यासारखं उडत राहतं.

खडे दोन दिशांनी येतात. पुढच्या वाहनाच्या चाकांनी उडवलेले खडे समोरून येऊन रेडिएटरवर कुठेही बसतात. आपल्याच पुढच्या चाकाने उचललेले खडे मडगार्डच्या मागच्या टोकाखालून सुटतात आणि मुख्यतः खालच्या अर्ध्या भागावर आदळतात. या दुसऱ्या प्रकारावर मडगार्ड एक्स्टेंडर हा फार सोपा इलाज आहे. मडगार्डचं मागचं टोक खाली लांबवणारा प्लास्टिकचा तुकडा, बस. गाडी फक्त चांगल्या डांबरी रस्त्यावर चालत असेल तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. खडीचा, उखडलेला रस्ता रोजचा असेल तर गार्ड हवाच, आणि एक्स्टेंडरही राहू द्यावा.

गाडी आडवी पडल्यावर रेडिएटर वाचेल, ही अपेक्षा मात्र गार्डकडून ठेवू नये. पडल्यावर रेडिएटर बाजूने चेपतो किंवा पिळवटतो. त्यासाठी बाजूच्या कडांना धरणारा ब्रेस किंवा नीट बसवलेला क्रॅश गार्ड लागतो. समोरची जाळी कितीही जाड घेतली तरी ते काम तिचं नाही.

भोकांचं गणित

जाळीच्या पृष्ठभागापैकी किती टक्के भाग मोकळा आहे हे घरच्या घरी काढता येतं. व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर साध्या पट्टीने एका ओळीतल्या अकरा भोकांपैकी पहिल्याच्या मध्यापासून शेवटच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि दहाने भागायचं. दोन शेजारच्या भोकांचं मध्य-ते-मध्य अंतर मिळालं.

षटकोनी भोक असेल तर त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर घ्या, त्याला मध्य-ते-मध्य अंतराने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. ६ मिलिमीटरचं भोक, मधली पट्टी १ मिलिमीटर, म्हणजे मध्य-ते-मध्य ७. सहा भागिले सातचा वर्ग ०.७३, म्हणजे ७३ टक्के मोकळं. विणलेल्या तारेच्या चौकोनी जाळीलाही हेच सूत्र लागतं: ५ मिलिमीटर भोक आणि १ मिलिमीटर तार असेल तर ६९ टक्के. गोल भोकं एकाआड एक सरकवलेल्या ओळींत असतील तर त्याच वर्गाला आणखी ०.९ ने गुणायचं. डोळा फसतो तो इथे. ४ मिलिमीटरची गोल भोकं ६ मिलिमीटर अंतरावर असलेली प्लेट दिसायला भोकांनी गच्च भरलेली वाटते, पण मोकळी असते फक्त ४० टक्के.

४० टक्के मोकळं म्हणजे गारवाही ४० टक्केच उरला, असं नाही. जाळीतून आत आल्यावर हवा पुन्हा पसरते आणि रेडिएटरची क्षमताही बहुतेक वेळा गरजेपेक्षा थोडी जास्तच ठेवलेली असते. पण ती जास्तीची क्षमता उन्हातल्या चढासाठी आणि मागे माणूस-सामान असतानासाठी असते. ती जाळीवर का खर्च करायची? ६५ टक्क्यांच्या खाली मी जात नाही, ७० च्या पुढे मिळालं तर उत्तम.

पावडर कोटिंगही यात हात मारतं. त्याचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो आणि भोकाच्या सगळ्या कडांवर चढतो. ६ मिलिमीटरचं भोक ८० मायक्रॉनच्या थरानंतर ५.८४ उरतं आणि ७३ चे ७० टक्के होतात. म्हणून माप रंगवलेल्या तयार मालावर घ्यावं, जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नये. भरीव नावपट्टीचंही तसंच: ३० बाय २० सेंटिमीटरच्या रेडिएटरवर १५ बाय ३ सेंटिमीटरचं कोरीव नाव साडेसात टक्के जागा खातं, तीही बरोबर मधोमध.

आता कुणी म्हणेल, टक्केवारीच बघायची तर खिडकीची डासांची जाळी काय वाईट? सव्वा मिलिमीटर भोक आणि पाव मिलिमीटर तार असली तर तीही ६९ टक्के मोकळी निघते, वरच्या ५ मिलिमीटरच्या जाळीइतकीच. पण इतक्या बारीक भोकात पाण्याचा थेंब अडकून राहतो. पावसात जाळीवर पाण्याचा पातळ पडदा धरतो, त्यात धूळ बसते, वर चिलटं चिकटतात आणि पाहता पाहता मोकळी जागा घटत जाते. म्हणून टक्केवारीसोबत भोकाचं मापही धरायचं: ४ मिलिमीटरपेक्षा लहान नको, ८ पेक्षा मोठं नको. आठच्या वरच्या भोकातून नळी फोडू शकणारा खडा सरळ आत जातो. डांबर-खडी असा मिश्र वापर असेल तर ५ ते ६ मिलिमीटर ठीक बसतं.

सतत चिखलात चालणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा आहे. तिथे कुठलीही जाळी चिखल धरून ठेवते. आडव्या तिरक्या पट्ट्यांचं, लूव्हर पद्धतीचं गार्ड बरं, कारण त्यातला चिखल बोटाने किंवा काडीने ओढून काढता येतो.

धातू कुठला, जाडी किती

अ‍ॅल्युमिनियमच्या लेझर-कट प्लेटला दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरे. तीन मिलिमीटर घेतली की भोक खोल होतं, आणि पुढच्या चाकामागून हवा सरळ न येता तिरकी येत असल्यामुळे खोल भोकाची भिंत तिला आणखी अडवते. प्लेटचे कान (बोल्ट लावायच्या पट्ट्या) आणि कडा वाकवलेल्या असतील तर वाकणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा नाहीत ना ते नखाने चाचपून पाहावं. कान तुटतो तो तिथेच.

स्टेनलेस तारेची जाळी चिवट असते आणि तारेच्या गोल कडेवरून हवाही सुरळीत जाते. तिच्या दोन अडचणी आहेत. चौकट मजबूत नसेल तर ती मध्ये लवते. आणि स्टेनलेस थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकलं, त्यात खारट ओलावा आला, की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे आपला रेडिएटर. जिथे जिथे दोन्ही धातू भेटतात तिथे नायलॉनचा वॉशर किंवा रबराची पट्टी हवी. समुद्राकाठच्या हवेत तर हे टाळूच नये.

घेण्याआधी एक साधी परीक्षा करावी. गार्ड कडांनी धरून मधोमध अंगठ्याने चांगलं दाबायचं. चार-पाच मिलिमीटर आत जात असेल तर खडा लागल्यावरही जाईल, आणि मागे फिन्स आहेत.

गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि सालासाठी बनवलेलं गार्ड घ्यावं हे सांगायला नको, पण रेडिएटर वक्र आहे की सपाट हे स्वतःही बघावं. वक्र रेडिएटरवर सपाट गार्ड बसवलं की कुठे वीस मिलिमीटर फट राहते, कुठे जाळी टेकते. ज्यांच्यासोबत नुसते केबल टाय येतात त्या 'सगळ्या गाड्यांना बसणाऱ्या' जाळ्यांपासून लांब राहिलेलं बरं. टाय ओवायला जागा मिळाली नाही की ते फिन्समधून ओवले जातात, आणि इंजिनाच्या कंपनाने तोच टाय नळीवर करवतीसारखा चालतो. दुतर्फी टेपवर तर विसंबूच नये. उष्णतेने त्याचा डिंक सुटतो.

फट

जाळी आणि गाभा यांच्यात सगळीकडे निदान ५ मिलिमीटर जागा हवी, ८ ते १० असली तर आणखी चांगलं. त्याहून फार पुढे गेलं तर जाळीच्या बाजूने खडे शिरतात आणि पुढच्या चाकाची जागाही आक्रसते.

मोजायला ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी कडेने आत सरकवून बघायची. मधोमध दांडी पोहोचत नाही. तिथे मुलांची खेळायची रंगीत क्ले कामाला येते. गाभ्यावर पातळ प्लास्टिकचा कागद धरायचा, गार्डच्या आतल्या बाजूला पाच-सहा ठिकाणी क्लेच्या गोळ्या लावायच्या, गार्ड बोल्ट लावून बसवायचं आणि पुन्हा काढायचं. चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी म्हणजे त्या त्या जागची फट. एखादी गोळी कागदासारखी पातळ झाली असेल तर तिथे गार्ड वाकवून घ्यावं लागेल किंवा त्या बाजूच्या कानाखाली वॉशर घालावा लागेल.

पुढच्या चाकाचंही बघायचं. फोर्क (पुढचं चाक धरणारा शॉक) दबला की चाक नुसतं वर येत नाही, फोर्कच्या तिरकेपणामुळे मागेही येतं. फोर्क २५ अंशांनी कललेला असेल आणि त्याची चाल १५० मिलिमीटर असेल तर पूर्ण दबल्यावर चाक साधारण ६३ मिलिमीटर मागे सरकतं. चाल २०० असेल तर ८५. उभ्या गाडीत ऐसपैस दिसणारी जागा मोठ्या खड्ड्यात संपते ती अशी. मडगार्ड आणि टायर यांच्यापासून गार्डच्या सर्वात पुढे आलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर फोर्कच्या नळीला समांतर रेषेत धरून बघा. पूर्ण चालीनंतरही १० मिलिमीटर उरले पाहिजेत.

बसवणं

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. चावीही काढून ठेवायची; इंजिन तापलेलं असेल तर काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो. रेडिएटरची टोपी या कामात उघडावी लागतच नाही. ती उघडायची नाही.

गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करून बाजूची प्लास्टिकची कव्हरं काढावीत. मग आधी सफाई. पाण्याचा मंद झोत पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट्या दिशेने सोडला की अडकलेले किडे आणि माती आल्या वाटेने बाहेर पडतात. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स झोपतात. वाकलेल्या फिन्स फणीने किंवा चपट्या चिमट्याने हलकेच सरळ कराव्यात. चिमट्याचं टोक नळीला लागू द्यायचं नाही. याच वेळी गाभ्यावर पांढरट किंवा हिरवट वाळलेले डाग आहेत का बघावं. असले तर गळती आधीच सुरू झाली आहे. जाळी लावून ती झाकण्यात अर्थ नाही.

आता या कामात सगळ्यात जास्त बिघडणारी जागा, रेडिएटरचा माउंट. रेडिएटर फ्रेमवर थेट आवळलेला नसतो. त्याच्या कानात रबरी बुश असतो, बुशाच्या आत धातूची नळीसारखी कॉलर असते, आणि बोल्ट आवळला जातो तो या कॉलरवर. रबर मोकळं राहतं आणि कंपनं पिऊन टाकतं. गार्डचा कान बोल्टच्या डोक्याखाली, कॉलरच्या चकतीवर बसायला हवा. रबर आणि रेडिएटरचा कान यांच्यात तो खुपसला, किंवा 'जागा पुरत नाही' म्हणून कॉलरच काढून टाकली, तर रबर चिरडतं, रेडिएटर फ्रेमला जखडला जातो आणि इंजिनाची सगळी कंपनं त्याच्या जोडांवर येतात. मग काही महिन्यांनी रेडिएटरच्या कडेची टाकी आणि कान यांच्या सांध्यावर चीर पडते आणि दोष मात्र रेडिएटरला दिला जातो. गार्डच्या कानाचं भोक कॉलरच्या चकतीपेक्षा मोठं असेल तरीही तेच होतं: कान चकतीवर न टेकता रबरावर दाबला जातो. अशा ठिकाणी मध्ये रुंद वॉशर घालावा. आवळून झाल्यावर रेडिएटरची कड हाताने ढकलून बघायची, थोडीशी हलली पाहिजे. दगडासारखी घट्ट लागली तर काहीतरी चुकीच्या क्रमाने बसलंय.

दुसरी गोष्ट बोल्टच्या लांबीची. दोन मिलिमीटरचा कान मध्ये आला की जुना बोल्ट दोन मिलिमीटर कमी आत जातो. एम६ बोल्टचे आटे सहसा १ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे दोन फेरे गेले. एम५ चे ०.८ वर, म्हणजे अडीच. काढताना बोल्ट किती फेऱ्यांत निघाला ते मोजून ठेवावं. पोलादी नटात बोल्टच्या व्यासाइतके, म्हणजे एम६ ला ६ मिलिमीटर आटे धरले तर चालतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये दीडपट हवेत. कमी पडत असतील तर लांब बोल्ट घ्यायचा, पण उगाच लांब नको. मागून उघडी असलेली नट असेल तर बाहेर आलेलं टोक होजला किंवा पंख्याच्या चौकटीला लागतं, आणि आंधळं भोक असेल तर बोल्ट तळाला टेकतो: पान्याला घट्ट लागतं पण कान खालून सैलच राहतो.

बोल्ट काढताना सगळे एकदम काढू नयेत. एक काढायचा, गार्डचा कान लावायचा, तोच बोल्ट हाताने तीन-चार फेरे बसवायचा, मग पुढचा. असं केल्याने रेडिएटर लोंबकळून होजवर ओढ येत नाही. सगळे बोल्ट हाताने लागले, गार्ड चारी बाजूंनी सारखं दिसलं, की समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरावा. नसेल तर एम५ ला ५ आणि एम६ ला १० न्यूटन-मीटरच्या पुढे जायची गरज नाही, आणि प्लास्टिकच्या कव्हरांचे स्क्रू नुसते टेकले की थांबायचं. निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) एक थेंब पुरे, पण तो प्लास्टिकला लागू देऊ नये, तडे जातात.

कव्हरं लावण्याआधी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकची नळी, क्लचची केबल आणि वायरिंग कुठे गार्डच्या कडेला घासतंय का बघा. हॉर्नही तपासा. बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या अगदी जवळ असतो आणि गार्डला टेकला की वाजताना भलताच किरकिरतो. कापलेल्या कडा धारदार असतील तर कानशीने मारून घ्याव्यात, जिथे केबल जवळ आहे तिथे रबराची बीडिंग लावावी.

तापमान खरंच वाढलं का

इथे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार रेडिएटरकडे जाणारं कूलंट कमी-जास्त करणारी झडप, दिशाभूल करतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात तो अर्धवट उघडा असतो. जाळीने हवा थोडी अडली तर तो थोडा जास्त उघडतो आणि काटा होता तिथेच राहतो. 'शंभर किलोमीटर पळवली, काही फरक नाही' या दाखल्याला म्हणून फारसा अर्थ नाही. फरक दिसतो तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर: दुसऱ्या गिअरमधला लांब चढ, भर उन्हातली कोंडी, मागे वजन.

गार्ड बसवण्याआधी आणि नंतर एकच चाचणी करावी. दुपारची तीच वेळ, तोच चढ, तेवढंच वजन, कूलंटचं तापमान डिस्प्लेवर येत असेल तर ते. नुसत्या रेघा दिसत असतील तर पंख्याचा हिशोब धरायचा: गाडी मोकळ्या हवेत उभी करून आयडलवर ठेवायची, पंखा लागल्यापासून बंद होईपर्यंत किती सेकंद चालला ते तीन वेळा मोजायचं. गार्डनंतर वेळ थोडी वाढली तर हरकत नाही. दीडपट झाली, किंवा पंखा बंदच होईना, तर जाळी काढून टाकायची. काढण्याआधी एकदा क्रॅश गार्डवर लावलेले जाडजूड फॉग लाइट आणि पुढे बांधलेल्या बॅगाही बघाव्यात. कित्येक गाड्यांत गार्डपेक्षा जास्त हवा तेच अडवत असतात.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे, पाचशेनंतर आणखी एकदा. चिखलातून आल्यावर गार्ड बाहेरून धुवून भागत नाही. मागच्या फटीत ओली माती राहते, वाळून घट्ट होते आणि पुढच्या वेळी पाणी मारलं तरी निघत नाही. ओली असतानाच मागून पुढे पाणी सोडायचं. दर सर्व्हिसिंगला गार्ड पूर्ण काढून फिन्सवर कुठे चकचकीत घासलेली जागा दिसते का बघायचं. दिसली तर जाळी तिथे टेकतेय. उभ्या गाडीत टेकत नसली तर चालत्या गाडीत लवतेय, आणि मग त्या बाजूला आणखी एक आधार द्यावा लागेल किंवा जास्त ताठ चौकटीचं गार्ड घ्यावं लागेल.